पोटाखालची रेघ

पाली,
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८४२

चि. सौ. चतुरास आईचा पोटभरून आशीर्वाद. इकडं समदी खुशाल. म्हशीला पारडी झाली. तुझी अंजना आल्यापासून माझे गुडघे दुखायचं इसरले. अक्षर वाकडं हाय, जावईबापूंकडून वाचून घे. त्यांच्याबी कानावर जाऊ दे.

तुझ्या लहानपणी भिंतीसाठी जुन्या ओसाड गावठाणातली पांढरीची माती आणली, त्यात चिंचोक्याएवढा हिरवा सिंह निघालता, आठवतो का? तोच मी अंजनाच्या गळ्यात बांधलाय. परवा हैदराबादेहून जुन्या वस्तू बघणारे साहेब आले. म्हणले, "आजी, हा दगड कोरलाय. दोन हजार वर्षांचा असंल."

तर आपली नऊ वर्षांची भवानी काय बोलावी! "कोरलेला न्हाई साहेब, ओतलाय. काच हाय ही. पोटाखाली रेघ बघा. होळीला मिळणाऱ्या साखरेच्या सिंहालाबी असती, साच्याच्या दोन फळ्या जुळत्यात तिथं."

तुझा भाऊ बंकट डाफरला, "गप, मोठी शहाणी!" साहेबांनी भिंग लावलं. लई येळ बघितलं. मग टोपी काढून म्हणले, "वाह उस्ताद!" आमच्या पोरीला, उस्ताद! शेजारच्या कडूबाईला मी दोनदा सांगितलं, आन् ती काय बहिरी न्हाई.

सिंह मागत होते. म्हणलं, पोरीला विचारा. तिनं न्हाई म्हणून मान हलवली. कागदावर चित्र काढून नेलं बिचाऱ्यांनी.

आता खरं लिहिते. ती रेघ पहिल्यांदा तू दाखवलीस. आपल्या साखरेच्या भट्टीपाशी उभी राहून म्हणलीस, "आई, ह्याचाबी साचा असंल." मी चापट मारली, साच्याला हात लावू नको म्हणून. हात तुझा चांगला, मला दिसत होतं. तरी साचे बंकटला दिले. सात होळ्या तू माहेरी आली न्हाईस. कावून, हे मी कुणाला विचारलं न्हाई. ठाऊक होतं.

बंकटनं कापसाचं दुकान काढलं, साचे माळ्यावर पडले. उद्या तो अंजनाला चौसाळ्याला घेऊन येतोय. गाडीत पोतं हाय, त्यात अकराच्या अकरा साचे. बंकट म्हणला, "आई, घरचे साचे परक्या घरी?" म्हणलं, "परकी कोण रे?" बैल जुंपायच्या तयारीला लागला.

सिंहाचा साचा वर ठेवलाय. आधी पाण्यात चांगला भिजव, मग पाक ओत. पाय तुटत न्हाईत. हे तवा बंकटलाच सांगितलं होतं.

होळीला पहिला सिंह मला पाठव. पोटाखालची रेघ बोटानं बघीन.

उशिरा डोळे उघडलेली
तुझी आई,
बायनाबाई