माझी अंधारखोली

४ मार्च, सोमवार
नवं शहर, नवं रुग्णालय आणि एकदाची स्वतःची खोली! खोली कसली, अंधारकोठडीच. खिडकी नाही; संगणकाचे दोन मोठे पडदे, फिरती खुर्ची आणि माईक. दिवसभर लोकांचे एक्स-रे बघायचे आणि काय दिसतं ते माईकमध्ये बोलायचं. नवरा म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच तुझं बोलणं कुणीतरी शब्दन् शब्द लिहून घेतंय. बबडी, आमचं चार वर्षांचं कन्यारत्न, खुर्चीत बसून गरगर फिरली आणि उतरायला तयार होईना. वर्षभरात विभागप्रमुख व्हायचंच, असं मनाशी पक्कं केलंय.

१९ मार्च
मोठ्या बाईंनी, म्हणजे सध्याच्या विभागप्रमुखांनी, सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझ्याइतकं भराभर काम कुणी उपसत नाही म्हणाल्या आणि लगेच दुसऱ्या रुग्णालयाचेही एक्स-रे माझ्याकडे वळवले. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. जेवण खुर्चीतच उरकते. रुग्णांची नावं वाचणं सोडलंय. नाव वाचून हाड थोडंच जुळतं? नवऱ्याचं म्हणणं, घरीही मी माईकमध्ये बोलल्यासारखी बोलते. मी हसण्यावारी नेलं.

२ एप्रिल
आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते. नवरा घास चावत होता आणि मला त्याचा जबडा दिसला. कातडीखालचा. भरलेल्या दाढेसकट. डोळे चोळल्यावर गेला. ताण आलाय, दुसरं काय? मोठ्या बाईंना सांगितलं तर हातचं काम काढून घेतील. म्हणून नाही सांगितलं.

८ एप्रिल
आता रोज दिसतं. लिफ्टमध्ये नुसते सांगाडे, हातात पिशव्या धरलेले. खरं सांगते, घाबरले आहे. बबडी गळ्यात पडली, तर दिसल्या फक्त बरगड्या. तिचा चेहरा आठवावा लागला. तिला खोकला आहे. नवरा म्हणाला, बघ ना जरा. मी नुसती नजर टाकली. काही नाही म्हणाले. डॉक्टर बायकोच म्हणते म्हटल्यावर तोही निर्धास्त झाला.

११ एप्रिल
खोकला वाढला म्हणून नवरा तिला परस्पर इथे घेऊन आला. मला पत्ताच नाही— एक्स-रे माझ्याच पडद्यावर आला. लहान मुलीची छाती. दोष नाही असं बोलून मी पुढचा घेतला. थोड्या वेळाने एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ धावत आला.

"मॅडम, श्वासनळीत टिचबटण अडकलंय, ठळक दिसतंय. आणि ही तर तुमचीच मुलगी आहे ना?"

पुन्हा पाहिलं. त्याने बोट ठेवलं, तिथे पाहिलं. मला दिसेना.
अजूनही दिसत नाही—

१२ एप्रिल
बटण काढलं. बबडी वाचली. मोठ्या बाई म्हणाल्या, महिनाभर घरी राहा, झोपा. नवरा बॅग भरत होता.

१३ एप्रिल
दोघं गेली. नणंदेकडे. बबडी दारातून म्हणाली, आई, तूपण चल— तिला चेहरा नव्हता.
रडायला हवं होतं. दार लागलं आणि— मला हायसं वाटलं. आता मध्येच कुणी हाक मारणार नाही. सलग बसता येईल.
पायात चपला आहेत. कधी घातल्या?
रजा आहे मला. रजा. पण खोलीची किल्ली माझ्याकडेच, आणि कालपासूनचे किती साचले असतील, आत्ता निघाले तर दुपारपर्यंत सहज—