मयताच्या जेवणातला मासा

आर्गिरो,

तू येशील तेव्हा मी घरी नसेन. वरच्या आळीतली कल्लिओपी गेली. आयुष्यभर भांडलो तिच्याशी, तरी मयताला चाललोय. तिथूनच जेवून येईन.

तू मागच्या रविवारी करून ठेवलेली मसूर आणि मासा फ्रीजमध्ये तसेच आहेत. ओरडू नकोस. ऑलिव्हचं तेल, रानभाजी, मासा म्हाताऱ्यांच्या काळजाला चांगला, हे तुझं पालुपद मला पाठ आहे. पण एकट्यानं खाताना काटा अडकला, तर पाठीत थाप कोण मारणार? आपल्याकडे मयताच्या जेवणाला मासाच असतो, रीतच आहे. रानभाजी असते, तेल हवं तेवढं, वर घोटभर वाइन. आणि शेजारी-समोर माणसं असतात. परवा डॉक्टर म्हणाला, "मानूसोस, रक्त तरण्या पोराचं आहे तुझं!" आता त्याला काय सांगू, की गावात कुणी गेलं की मी पोटभर जेवतो?

डबे ठेवून तू लगेच निघशील. तिकडे शहरात, इराक्लिओला ड्यूटी असते तुझी, माहीत आहे मला. फक्त माझ्या मयताला मासा भरपूर कर, आणि त्या दिवशी तरी बसून जेव.

बाबा