निरोपाचा जाळ

९ ऑगस्ट
दोन डब्यांची गाडी, उघड्या खिडक्या, दोन्हीकडे हिरवीगार भातशेती. मजेत आले. स्टेशनाबाहेर गेंजिरो नावाचा म्हातारा नावाडी भेटला. "ताई, उतरणार कुठे? कालव्याकाठ दिसतो झकास, पण रात्रभर डास फोडून काढतात. गाडीनं आलेल्या माणसानं आपलं स्टेशनासमोरचं हॉटेल बघावं," असा फुकटचा सल्ला त्यानं दिला. मी पाहुणी नाही, 'यानागिया' ह्या पाहुणघरात कामाला आलेय, असं सांगितल्यावर मात्र त्यानं मला नावेत बसवून निमूट नाव सोडली.

यानागिया पाण्याला अगदी खेटून आहे. मागच्या दगडी पायऱ्या थेट कालव्यात उतरतात. मालकीण हिसाएबाई साठीच्या, किमोनोला एक सुरकुती सापडायची नाही. जेवायला भात आणि भाजलेली वाम होती. मी दोनदा भात मागून घेतला.

११ ऑगस्ट
इथे माझं माहेरचं नाव कुणाला ठाऊक नाही, ते बरंच आहे. नात्सुए माझी धाकटी बहीण. ह्याच घरात पाहुण्यांना वाढायची. गेल्या वर्षी ओबोनात, पितरांच्या दिवसांत, कालवा तुडुंब भरलेला असताना बाईंनी तिला सुटलेली नाव ओढून आणायला एकटीला पाठवलं. ती परत आलीच नाही. घराची अब्रू जाऊ नये म्हणून बाईंनी गावभर सांगितलं की पोरगी एका पाहुण्याबरोबर पळाली. फेब्रुवारीत कालवा उपसला, तेव्हा ती ह्याच पायऱ्यांखालच्या गाळात सापडली. तोवर आमची आई त्या लाजेनंच गेली होती.

मी इथे भांडी घासायला आलेली नाही.

१३ ऑगस्ट
आज पितरांना घरी बोलवायचा दिवस. दारोदारी तागाच्या काड्यांचा जाळ होता. हिसाएबाईंनी पुढच्या दारी आपल्या पूर्वजांसाठी पेटवला. मी मागच्या पायऱ्यांवर नात्सुएसाठी पेटवला आणि मोठ्यानं मागणं मागितलं: ये, आणि ह्या घराचा वारस त्याच पाण्यात ने.

वारस म्हणजे बाईंचा पुतण्या क्योहेई. त्याच्यात बाईंचा जीव अडकलाय. त्या नुसत्या मेल्या तर माझं समाधान होणार नाही. त्यांनी आधी रडावं.

१६ ऑगस्ट
आज पितरांना निरोप. सगळ्या गावानं पुन्हा जाळ केले, कालव्यात दिवे सोडले. मी काड्या पेटवल्या नाहीत. नात्सुए, तू थांब.

१८ ऑगस्ट
थांबलीय ती. क्योहेईच्या खोलीत चटयांवर ओल्या पावलांची रांग उठलेली, गाळाचा वास. भर दुपारी. तो ओरडत खाली आला. कुणीतरी कानाशी विचारलं म्हणाला, "ह्या घराचा वारस कोण?" मी फडकं घेऊन ती पावलं पुसली. पुसताना मला हसू आवरेना.

१९ ऑगस्ट
क्योहेई सकाळच्या गाडीनं ओसाकाला पळाला. हे घर नको, काही नको, म्हणाला. निसटला मेला.

बाई मात्र रडल्या नाहीत. दुपारी मला चहाला बसवून म्हणाल्या, "शिनो, मला मूलबाळ नाही. क्योहेईनं हात वर केले. तू माझी दत्तक लेक हो. इथल्या कितीतरी घरांनी असेच वारस घेतलेत."

मग वाटलं, ज्या घरानं माझी बहीण खाल्ली ते आयतं माझ्या घशात पडतंय. ह्याहून मोठा सूड कोणता? बाईंना म्हातारपणी त्यांच्याच दारात भीक मागायला लावीन.

२१ ऑगस्ट
नगरपालिकेत जाऊन दत्तकाच्या कागदावर शिक्का मारला. आता मी यानागियाची लेक, यानागियाची वारस. बाईंनी येताना मला नवा किमोनो घेतला.

२२ ऑगस्ट
माझ्या खोलीत ओली पावलं.

तिला ओळख पटली नसेल. मी हाका मारल्या. पावलं उशीपाशी येऊन थांबलेली.

२३ ऑगस्ट
बाईंनी सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, सोयाबीनच्या शेंगा सोलत. माझा तोंडवळा बघून त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पायऱ्यांवरचं मागणंही स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "वारस मागितलास ना? मग मी वारस बदलला. माझा क्योहेई सुटला." वर म्हणाल्या, "जेवून घे, बाळ."

त्यांच्या तोंडावर शेंगांची टोपली उलटी करून आले. काय उपयोग.

निरोपाचा जाळ करायला काड्या घेऊन पायऱ्यांवर गेले. हातातच भिजल्या. दुसऱ्या आणल्या, त्याही— गेंजिरो नावेतून बघत होता. म्हणाला, आता जाळ करून काय होणार, ताई. गावचे सगळे पितर गेले. मागे राहिलेल्याला वाट कोण दाखवणार?

२४ ऑगस्ट, सकाळ
स्टेशनाकडे निघाले होते. प्रत्येक रस्ता पुलावरून जातो. प्रत्येक पुलाचा कठडा ओला, आणि त्यावर बोटं— परत फिरले.

दुपार
क्योहेईचा आवाज ऐकू येतोय खालून. परत आलाय. जेवतोय. दोघं हसताहेत.

दार सरकतंय. गाळाचा वास.

नात्सुए, मी ताई. तुझी ताई. आईची शपथ, तुझ्याचसाठी मी—

विचारतेय. ह्या घराचा वारस कोण.

सांगते, क्योहेई आहे, खाली आहे, जा— ऐकत नाही. हात गार आहे तिचा. शिक्का मी मारला गं, पण मी त्यांची नाही, मी तुझ्याच