वरचा फ्लॅट, खालचा फ्लॅट आणि दादाची सही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी थकलो आहे. परंतु थकवा म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिताना मी फार आशावादी होतो.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीस मिळाव्यात. या घरावर कोणीही, कितीही सोन्यासारखी संधी चालून आली तरी, कर्ज काढू नये. ‘भाड्यातूनच हप्ता फिटतो’ असे म्हणणाऱ्यास चहा द्यावा, सही देऊ नये. भाडेकरू रुसून जातो. हप्ता, मालमत्ता कर आणि सोसायटीचा खर्च कधी रुसत नाहीत.

२. बाजारातील गाळाही पत्नीस. तेथील चष्मेवाल्यास काढू नये. भाडे वाढवण्यापूर्वी शेजारचा गाळा किती काळ रिकामा आहे, ते जाऊन पाहावे.

३. आता फ्लॅट. थोरले बंधू (यापुढे ‘दादा’) व मी यांनी एकाच इमारतीत, एकावर एक, असे दोन फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घेतले. वरचा माझा, खालचा त्याचा. तथापि दोन्ही खरेदीखतांवर दोघांचीही नावे निम्म्या हिश्श्याने घातली. एकाला विकण्याची हुक्की आली तर दुसऱ्याने लगाम धरावा, ही कल्पना माझी. तेव्हा सर्वांनी तिचे कौतुक केले होते.

पुढे वरच्या न्हाणीघराचे पाणी खालच्या छतातून गळू लागले आणि दादाचा भाडेकरू गेला. दुरुस्ती कोणी करायची? मालकी निम्मी, म्हणून खर्च निम्मा, असे पत्र मी दादास टंकलिखित पाठवले. हिशेब बरोबर होता, आजही आहे. दादा एवढेच म्हणाला, “तू हिशेब शिकलास रे, भाऊ व्हायचं शिकला नाहीस.” तेव्हापासून आठ वर्षे त्याने माझ्या विक्रीच्या कागदावर सही केलेली नाही. गळतीमुळे वरही कोणी टिकेना. फ्लॅटचे कर्ज मात्र मी पगारातून फेडले.

कन्येस विचारले असता ती म्हणाली, “बाबा, फ्लॅट द्या किंवा देऊ नका, पण काकांशी भांडण वारशात देऊ नका.”

सबब, खालच्या फ्लॅटमधील माझा निम्मा हिस्सा मी दादास विनाअट देतो. हे मृत्युपत्र तपासणाऱ्या वकीलबाईंचे म्हणणे, “आधी त्यांचा वरचा हिस्सा लिहून घ्या, मग द्या.” सल्ला योग्य आहे. तो मी मानत नाही. वरचा माझा हिस्सा कन्येस मिळावा. दादाने सही दिल्यास तिने विकावा. न दिल्यास कुलूप लावून मोकळे व्हावे. कोर्टाची पायरी चढू नये. गळतीची दुरुस्ती संपूर्ण माझ्या खर्चाने आजच सुरू केली आहे.

४. ‘दहा वर्षांत दुप्पट’ सांगणाऱ्या दलालास माझ्या अंत्ययात्रेला मज्जाव नाही. तेथे त्याने कोणास फ्लॅट दाखवू नये.

५. हत्यारांची पेटी कन्येस. टेस्टर चालतो. पाना झिजला आहे, नवा घ्यावा.

सही करण्यापूर्वी हाताने वाढवलेला मजकूर:

सह्यांसाठी डॉक्टर, वकीलबाई व मी वरच्या फ्लॅटमध्ये बसलो होतो. खालचे छत उघडण्यासाठी प्लंबरला दादाच्या फ्लॅटची किल्ली हवी होती, म्हणून आज दादा ती घेऊन स्वतः वर आला. माझ्या तब्येतीचे त्यास वहिनीकडून कळले होते. टेबलावरचा हा कागद त्याने उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचला. नंतर खिशातून पेन काढून म्हणाला, “साक्षीदार लागतात ना? कुठे करू सही?”

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही नको. ज्याला यातून मिळतंय, त्याने साक्षीदार होऊ नये.”

“अहो, आठ वर्षं हा मागत होता, तेव्हा मी दिली नाही. आज आपणहून देतोय, तर तुम्हीच नको म्हणता?”

“विक्रीच्या कागदावर चालेल,” वकीलबाई म्हणाल्या.

दादाने माझ्याकडे पाहिले नाही. पेन मात्र खिशात परत न ठेवता टेबलावरून माझ्याकडे सरकवले.

खालील सही त्या पेनाने केली आहे. हा मजकूर मी स्वतः लिहिला असून त्याची जबाबदारी माझी आहे.

ठिकाण: वरचा फ्लॅट, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली:
१. (सही) आमचे डॉक्टर
२. (सही) प्लंबर, हात पुसून