थांब म्हणालास म्हणून

मु. वाकीपाडा, ता. साक्री
१४ सप्टेंबर २०२०

ती. यादवभाऊस,
धाकट्या द्रौपदाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

परवा फोन लावला तर तू नुसता हॅलो हॅलो करत बसलास आणि शेवटी चिडून ठेवून दिलास. तुझे कान गेल्यापासून मलाच लिहावं लागतं. सातवीपर्यंत तूच शिकवलंस, आता माझं अक्षर सोस.

आपला प्रशील मार्च महिन्यात सुरतेहून आला तो घरीच आहे. काल ठेकेदाराचा फोन आला. कपडा रंगवायचा कारखाना सुरू झालाय, महिनाअखेर हजर हो, नाहीतर तुझ्या मशीनवर दुसरा माणूस, असं म्हणाला. इकडे त्याच्या सपनाला सातवा महिना लागला. पहिल्या वेळी प्रशील सुरतेत होता, पोर दोन दिवस जगलं आणि गेलं. त्याला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. या खेपेला काही झालं तरी घरी राहीन, असं तो सपनाला बोलून बसलाय. पण गावात हाताला काम नाही. घरी राहून खायचं काय?

मंदी आहे म्हणून सरकार गावोगाव कामं काढणार, असं सगळे बोलतात. कॉलेजात तीस वर्षं तू हेच शिकवलंस ना? मग सांग, खरंच कामं निघतील का? तू म्हणशील तसं प्रशील करेल. आपल्या घराण्यात विचारायला दुसरं आहे कोण?

वहिनीला जयभीम सांग. माया कमी करू नको.

तुझी,
द्रौपदा

---

अमळनेर
१९ सप्टेंबर २०२०

चि. द्रौपदास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर वाईट, पण शुद्धलेखन माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरं. गुडघे दुखतात हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे दुखत असणार. शेवग्याचा पाला खात जा आणि गूळ सोड.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मंदाबाईच्या दुकानात आहे. मंदीत जो तो हात आखडतो. तू तेल कमी घेतेस, म्हणून मंदाबाई साक्रीहून माल कमी आणते, म्हणून साक्रीचा व्यापारी हमालाला घरी बसवतो, आणि तो हमाल मग कुठल्या तरी दुसऱ्या दुकानात तेल कमी घेतो. असं सगळ्यांनी एकदम हात आखडल्यावर कोणीतरी खर्च करायला हवा, आणि तो सरकारच करू शकतं. सरकारनं बांधावर मजूर लावले की मजुरी मंदाबाईकडे येते आणि चाक उलटं फिरायला लागतं. जगभर हे झालेलं आहे. यंदा कामांसाठी पैसा वाढवलाय, ते मी पेपरात स्वतः वाचलं.

प्रशीलला म्हणावं, जाऊ नको. महिनाभर थांब. काम गावात येईल. मामाचा शब्द आहे म्हणून सांग.

मी थकलोय गं. घरात बसून बसून माणूस शिळा होतो. पण तुझं पत्र आलं की बरं वाटतं, तेव्हा लिहीत जा.

तुझा,
यादव

---

वाकीपाडा
२५ ऑक्टोबर २०२०

ती. भाऊस जयभीम. वि. वि.

महिना झाला, म्हणून लिहिते.

तुझा शब्द खरा झाला. काम आलं. नाल्याच्या तोंडाशी पाटी लागली, नारळ फुटला. गावातले पंधरा-वीस जण पाट्या-फावडी घेऊन सकाळी हजर. प्रशील सगळ्यांच्या पुढे. आणि मग ट्रॉलीवरून माती उपसायचं मशीन उतरलं. अडीच दिवसांत सगळा नाला खोल करून मशीन निघून गेलं. ते चालवणारा बाहेरचा होता, डबासुद्धा घरून आणायचा. त्याच्यामुळे मंदाबाईची एक काडीपेटी खपली नाही. आमची माणसं काठावर बसून बघत होती. म्हातारा धनसिंग तिथेच ओरडला, हाऊ काय न्याय शे?

मी रोजगार सेवक अभिमनकडे गेले, म्हटलं हाताचं काम कधी निघणार? तो म्हणाला, काकू, नाल्याचं काम वेगळ्या पैशातलं, त्यात मशीन चालतं. हाताचं काम रोजगार हमीचं, ते हवं तर लेखी मागावं लागतं. गावातून एकाचाही अर्ज नाही. मागणी नाही म्हणून मी वर शून्य कळवलं.

भाऊ, आम्ही रेशनची वाट बघतो तशी कामाची वाट बघत बसलो होतो. सुरतेच्या मशीनवर ओडिशाचा माणूस लागला. प्रशील रात्री उशिरा घरी येतो. सपना त्याचं ताट झाकून ठेवते. मला तुझा राग आलाय, आणि तो लपवून तुला पत्र लिहिणं मला जमणार नाही. माहीत नव्हतं तर थांब कशाला म्हणालास?

जेवणखाण वेळेवर घे.

द्रौपदा

---

अमळनेर
३१ ऑक्टोबर २०२०

चि. द्रौपदास आशीर्वाद, जयभीम.

तुझा राग बरोबर आहे. पत्र दोनदा वाचलं. नंतर तुझी वहिनी जेवायला बोलवायला आली, तर तिलाही ते वाचायला दिलं.

हा प्रश्न मी तीस वर्षं परीक्षेत घातला. मंदीत सरकारी खर्चानं रोजगार निर्माण होतो का, चर्चा करा. दहा गुण. हजारो उत्तरं तपासली. सरकारी पैसा निघतो तिथपासून पुढचं सगळं मला तोंडपाठ होतं. पण तो माझ्या बहिणीच्या दारात यायचा तर आधी कागदावर सही करून मागावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. एकाही विद्यार्थ्यानं ते लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

माझा जुना विद्यार्थी कुंदन धुळ्याला सरकारी कचेरीत आहे. त्याला वहिनीकडून फोन करून विचारलं. तो सांगतो ते असं. कामाच्या मागणीचा अर्ज द्यायचा आणि तारीख घातलेली पावती घ्यायची. पावती हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही. मग पंधरा दिवसांत काम द्यावंच लागतं, नाहीतर बेकारीचा भत्ता. एकट्यानं जाऊ नका, सगळे मिळून जा. छापील अर्ज सोबत पाठवतोय.

सुरतेची जागा मी परत आणू शकत नाही. प्रशीलला सांग, मामा चुकला. त्यानं मला पत्र लिहिलं नाही तरी चालेल.

तुझा,
यादव

---

सुरत
३ जानेवारी २०२१

ती. मामांस,
प्रशीलचा सविनय जयभीम. वि. वि.

आई म्हणाली, मामांना तूच लिही. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुम्ही पाठवलेले अर्ज अठरा जणांनी भरले. अभिमन पावती देईना, उद्या या म्हणाला. आई तिथेच फरशीवर बसली, दुखरे गुडघे घेऊन. दुपारी पावत्या मिळाल्या. तेराव्या दिवशी डोंगराच्या अंगाला बांध घालायचं काम निघालं. बारा दिवस चाललं. मामा, तुम्ही लिहिलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं. मंदाबाईनं बंद केलेली भजी पुन्हा तळायला घेतली. धनसिंगबाबांनी चष्म्याची काच बसवून घेतली. मग बांध संपला. पुढचं काम मंजूर व्हायला दोन महिने लागतील, असं कळलं. मजुरीही तोवर खात्यात पूर्ण आली नव्हती.

मी १५ डिसेंबरला निघालो. जुन्या मशीनवर जागा नाही. आता गाठोडी वाहतो. २७ तारखेला साक्रीच्या दवाखान्यात मुलगी झाली. फोनवर रडणं ऐकलं. गाठोडं तसंच पाठीवर होतं, ठेवायचं सुचलं नाही. आज आठवा दिवस, पोर दूध पिते आणि चांगली आहे. घरी राहीन म्हणालो होतो, तरी सपनानं मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. नाल्यावर मशीन आलं तेव्हा चालवणाऱ्याला मी शिव्या घालायला गेलो होतो. तो साक्रीकडचा. तोही मार्चपासून सात महिने घरी बसून होता, हे त्याचं पहिलंच काम. त्याची बायको डब्यात चिठ्ठी घालायची, ती त्यानं दाखवली. मग मला शिवी देता आली नाही. म्हणजे सरकारच्या पैशानं काम निघालं होतं मामा. तुमचं शिकवणं खोटं नाही. फक्त ते माझ्या वाट्याला आलं नाही.

तुमच्यावर माझा राग होता, आता नाही. पण एक मागणं आहे. आमच्या गावात तुमच्या शब्दाला फार वजन आहे, म्हणून सांगतो. पुन्हा कोणी विचारलं, तर त्याला थांब म्हणू नका. माग म्हणा.

मुलीचं नाव तुम्ही सुचवा. मामींना जयभीम. आमच्यावर लक्ष असू द्या.

आपला,
प्रशील