तळ दिसणारं पाणी

सावंगी (मेघे), वर्धा
सोमवार, ९ मार्च २०२६

प्रिय अंजूताई,

इथूनच पाया पडते. काल तुमच्याकडून निघाले ती देवळीला लगेच गाडी मिळाली, त्यामुळे उजेडातच खोलीवर पोचले. तू बांधून दिलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या पिशवीत जरा दबल्या, पण आज डब्यात नेल्या तर प्रयोगशाळेत दोन मिनिटांत संपल्या. रीताने कृती विचारली आहे.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तुमच्याकडे फोन वाजला की जो जवळ असेल तो उचलतो, आणि भाऊजी तर सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवूनच बोलतात. म्हणून लिहिते आहे, तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. मधल्या सुट्टीत एकटी असशील तेव्हा वाच.

काल तुझ्या सासूबाई मला हौसेने तलावावर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "पाह्य वं, पाणी कसं आरशावानी झालं. तळातले गोटे दिसून राह्यले." खरंच दिसत होते. मागच्या वर्षी याच दिवसांत मी आले होते तेव्हा पाणी हिरवट, दाट होतं. गावात सगळे खूश आहेत. एकटा प्रेमदास काठावर बसून होता. तलावात मासोळीचं बीज त्यानेच सोडलं आहे ना, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, "साफ तं झालं बाई, पण सकाळी सकाळी मासोळी वर येऊन तोंड उघडून राह्यली. अशी कधी करत नोहोती."

तळ्याला जो हिरवेपणा असतो तो घाणीचा नसतो, ताई. डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असतं ते. माशांना लागणारी हवा पाण्यात तेच सोडतं. ते गेलं की पाणी काचेसारखं दिसतं आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

मी दोन बाटल्या पाणी आणलं. एक तलावातलं, आणि एक रंगाईच्या कारखान्याचं पाणी जिथे तलावात येणाऱ्या नाल्याला मिळतं त्याच्या वरच्या अंगाचं. तू विचारलंस हे कशाला, तर मी म्हणाले, नवीन मुलींना शिकवायला. ते खरं नव्हतं. आज अकरा वाजता चाचणी लावली. बहात्तर तास लागतात, म्हणजे गुरुवारी अकराला कळेल. तोवर रोज थोडं थोडं लिहीन. एका दमात मला जमणार नाही.

मंगळवार, १० मार्च

तू कित्येकदा विचारलंस की मी दिवसभर करते तरी काय. आज एकदा समजेल तसं सांगते. कारखान्यात वापरायचं रसायन पाण्यात गेलं तर काय होईल, हे आम्ही आधी शेवाळावर पाहतो. सारख्या फ्लास्कमध्ये सारखंच शेवाळ सोडायचं, एकात नुसतं खत घातलेलं स्वच्छ पाणी, बाकीच्यांत रसायन, कमीपासून जास्तपर्यंत. वरून उजेड, खालून हलवणारं यंत्र. रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशी मोजायच्या. स्वच्छ पाण्यातलं शेवाळ तीन दिवसांत पन्नास-साठ पट होतं. ज्या मात्रेला ही वाढ निम्म्यावर येते, तो आकडा अहवालात जातो. आकडा जितका लहान, तितकं रसायन वाईट.

आज चोवीस तास झाले. स्वच्छ पाण्यात दहा हजारांचे अडतीस हजार झाले. नाल्याच्या वरच्या पाण्यात पस्तीस. तलावाच्या पाण्यात अकरा. मी तीनदा मोजलं. मग खात्रीसाठी रीताला बसवलं. तिचेही अकराच आले.

भाऊजींचा नमुना आमच्याकडे मागच्या ऑगस्टमध्ये आला होता, ते तुला आठवतच असेल. कापड मऊ करायचं त्यांचं ते नवीन रसायन. त्यांच्या शेडमध्ये सहा महिने खपून त्यांनी ते बसवलं होतं. रंगाईचा कारखाना म्हणाला होता, पाण्यासाठी चालेल असा अहवाल आणा, मग पुढचं बोलू. चाचणी माझ्याकडे आली. आकडा लिटरला एक मिलिग्रॅमच्या खाली आला असता तर पिंपावर मेलेल्या माशाचं चिन्ह लावावं लागलं असतं, आणि तसा माल तो कारखाना घेत नाही.

माझ्या अहवालात नऊ होतं. तुम्ही पेढे वाटले. मीही खाल्ला.

आज इथे थांबते. मान दुखते आहे.

बुधवार, ११ मार्च

सकाळी लाइन गेली. इन्व्हर्टरवर दिवे चालले, पण हलवणारं यंत्र थांबलं. चाळीस मिनिटं मी दर दोन-चार मिनिटांनी फ्लास्क हाताने ढवळत उभी होते. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोरगी किती मन लावून काम करते. खरी गोष्ट अशी की माझ्या मनात एक विचार येत होता, बिघडू दे. चाचणी बिघडली तर पुन्हा लावावी लागेल, आठवडा जाईल, तोवर काहीतरी होईल. काय होणार होतं, ते मलाही माहीत नाही. त्याच वेळी हात मात्र फ्लास्क ढवळतच होते. लाइन आल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि ठरवलं, आज लिहायचंच.

ताई, ऑगस्टमध्ये आकडा नऊ नव्हता. शून्य दशांश नऊ होता. लिटरभर पाण्यात मिठाचे दहा-बारा कण पडावेत तेवढ्या मात्रेला शेवाळाची वाढ निम्मी झाली होती. मी वहीत वरच्या ओळीतल्या सगळ्या मात्रा दहापट करून लिहिल्या. पेशींचे आकडे खरे ठेवले, फक्त वरची ओळ बदलली. जुनं पान फाडून पर्समध्ये घातलं. अहवालावर सही केली. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मोतीलाल सरांनी, माझ्या भरवशावर खाली दुसरी सही केली. पाच वर्षांत त्यांना माझी वही कधी उलटून पाहावी लागली नव्हती.

का केलं, याचं उत्तर मी रोज वेगळं देते. बाबा गेल्यावर तुम्ही दोघांनी मला बोरगावच्या त्या दोन खोल्यांत तीन वर्षं ठेवलं. पडदा लावून अर्धी खोली माझी केली. परीक्षा असली की भाऊजी टीव्ही बंद ठेवायचे, मॅच असली तरी. नंतर त्यांचं दुकान बसलं, मग ती भागीदारी मोडली, आणि ते जेवताना मान खाली घालून जेवायला लागले. या रसायनाने ते पुन्हा सरळ बसायला लागले होते. त्या दिवशी माझ्यासमोर शेवाळ होतं आणि भाऊजी होते. शेवाळाला कोण विचारतं, असं मला वाटलं. एवढंसं रसायन, त्यात कारखान्याचं पाणी सफाई होऊन जातं, कुठे पोचणार आहे ते.

त्यांना यातलं काही माहीत नाही. आपला माल निर्धोक आहे असंच ते समजतात, कारण तसं मी लिहून दिलं आहे.

दुपारी सरांच्या खोलीपर्यंत दोनदा गेले आणि परत आले.

गुरुवार, १२ मार्च

आज सगळं झालं. क्रमाने सांगते.

सकाळी साडेनऊला, शेवटची मोजणी करायच्या आधीच, मी सरांकडे गेले आणि ते फाडलेलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. मोजणीनंतर गेले असते तर आकडा पाहून माझं मन फिरलं असतं, याची मला खात्री होती. सरांनी ते पान आणि अहवाल शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "आधी मोजून घे. तलावाच्या पाण्यात काही निघालंच नाही तर हे बोलायची गरज काय?"

ते मला वाचवायला बघत होते. स्वतःची सहीही वाचवायला बघत असतील, पण त्यांचा मला राग आला नाही. मी हेच तर तीन दिवस मागत होते. मी म्हणाले, "सर, तलाव चांगला निघाला तरी अहवाल खोटाच आहे."

अकराला सर स्वतः माझ्या शेजारी बसून मोजायला लागले. स्वच्छ पाण्यात सहा लाख चाळीस हजार. नाल्याच्या वरच्या पाण्यात जवळजवळ तेवढेच. तलावाच्या पाण्यात तेरा हजार. तलावाचं पाणी दहापट पातळ केलेल्या फ्लास्कमध्ये शेवाळ निम्मं वाढलं होतं. त्या पाण्यात नेमकं काय आहे ते या चाचणीतून कळत नाही, ते वेगळं तपासावं लागेल. पण कारखान्याच्या वरचं पाणी जिवंत आहे आणि खालचं नाही, एवढं कळतं.

सरांनी ऑगस्टचा अहवाल रद्द केल्याचं पत्र लिहिलं. कारखान्याला, भाऊजींना आणि सरकारी कार्यालयाला. माझा सहीचा अधिकार आजपासून काढला आहे. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आहे, पुढचं त्यानंतर. मी निघताना सर एवढंच म्हणाले, "तुझे मागचे सगळे अहवाल आता मला पुन्हा पाहावे लागतील." ते मला फार लागलं. बाकीच्या अहवालांत काही खोटं नाही, पण माझ्या सांगण्याला आता काय किंमत?

तिथून मी थेट शेडवर गेले. पत्र टपालाने जाऊन भाऊजींनी ते एकट्याने उघडावं, हे मला सहन झालं नसतं. ते टेम्पोत पिंपं चढवून घेत होते. मला पाहून हसले, म्हणाले, "आज सुट्टी?" मी त्यांना बाजूला नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातला फडका घडी करून पिंपावर ठेवला. प्रेमदासच्या मासोळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा डोळे मिटले. मग विचारलं, "अंजूले माहीत होतं का हे?"

मी म्हणाले, "नाही."

ते वळले. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "उतरव सारं." तिथेच उभं राहून त्यांनी कारखान्यात फोन लावला आणि सांगितलं, माझा माल आजपासून वापरू नका, जे शिल्लक असेल ते मी परत नेतो. आवाज अगदी सपाट होता. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी देवळीच्या रस्त्याला लागले तेव्हा मागे वळून पाहिलं, ते शेडच्या दारात रिकाम्या टेम्पोला टेकून उभे होते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी हे चार दिवस घेतले, ताई.

ऑगस्टमध्ये मोजणीच्या आदल्या संध्याकाळी तू मला शाळेतून फोन केला होतास. इकडचं तिकडचं बोललीस. ठेवता ठेवता म्हणालीस, "हर्षा, मले त्यातलं काही समजत नाई. पण ह्या खेपेले तुह्या भाऊजीचं काम मोडू देऊ नको वं." एवढंच. मी "पाहते" म्हणाले. तू खोटं कर असं म्हणाली नाहीस. तुझ्या मनात तसं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि नंतर आपण दोघींनी तो फोन झालाच नाही असं धरलं. पेढे देताना तू माझ्या डोळ्यांत पाहिलं नाहीस, एवढं मात्र मला दिसलं होतं.

दोष तुझ्यावर टाकायला हे लिहीत नाही. हात माझा होता, सही माझी होती. सरांना आणि भाऊजींना मी तेच सांगितलं आहे आणि चौकशीतही तेच सांगणार आहे. तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही.

शनिवारपर्यंत हे पत्र तुझ्या हाती पडेल. तोवर भाऊजींनी तुला सगळं सांगितलेलं असेल. सासूबाईंना म्हणावं, गुरं तलावावर सोडू नका, आणि प्रेमदासला मासोळी बाजारात नेऊ देऊ नकोस. रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आहे. गावकऱ्यांना तलावाचं मीच सांगेन, शिव्याही मीच खाईन. तुमच्या घरी यायचं की परस्पर परत फिरायचं, ते तू ठरव.

मी भाऊजींना "नाही" म्हणाले, ते खरं की खोटं, हे फक्त तुला ठाऊक आहे. ते तूच त्यांना सांग, किंवा सांगू नकोस. त्यात मी आता हात घालणार नाही.

तुझ्यासाठी काहीही करीन म्हणणारी, आणि ते करून बसलेली,

तुझी धाकटी
हर्षा