सालेहची भाकरी

जिझान, डिसेंबर २००९

तीर्थरूप आईस,
आसावरीचा दुरूनच पायांवर माथा.

येमेनमध्ये यादवी पेटल्यापासून सीमेजवळच्या छावणीत, तंबूतल्या इस्पितळात, इकडच्या लष्कराच्या जखमी जवानांची शुश्रूषा करते आहे. तोफांचा आवाज दूरचा आहे. तू काळजी करू नकोस. बाबा वेळेवर जेवतात ना?

सालेह नावाच्या जवानाची बोटे शस्त्रक्रियेनंतर वळत नव्हती. व्यायामाचे नाव काढताच तो पाठ फिरवी. इकडेही ज्वारी पिकते. म्हणून व्यायामाचे नाव न काढता मी बुजतच त्याच्यासमोर भाकरी थापू लागले.

“सिस्टर, ही कसली भाकरी? माझ्या आईची पाहा!” असे म्हणून त्याने दुखऱ्या हातानेच पीठ ओढले. बोटे वळली, आई! सारा तंबू ओरडला, “यल्ला, सालेह!” म्हणजे, चल, होऊन जाऊ दे!

आता तो रोज पीठ मागतो आणि माझ्या भाकरीला नावे ठेवतो. इतक्या आनंदाने मी कधीच बोलणी खाल्ली नव्हती.

तुझी सुखरूप,
आसावरी